मालकाच्या कुत्रीचं नाव

मालकानं हाक मारली आणि मी धावत गेले.

पडवीत पाहुणे बसले होते. चहा झाला होता, बिस्किटांची ताटली अजून मधे होती. मी अनवाणी. हातातली मेंढरामागची काठी खाली टाकली आणि पायरीच्या खाली उभी राहिले. पायरी चढायची नाही हे आम्हाला कुणी शिकवत नाही, ते आपोआप येतं. मालक पाहुण्यांकडं वळून म्हणाला,

"बगा. आली का न्हाई? नाव घेतलं की पळत येतीया. जलम बदलला, वळण त्येच."

पाहुणे हसले. एकाला कळलं नाही, त्यानं विचारलं, म्हणजे काय? मालकानं भिंतीकडं बोट केलं. भिंतीवर चौकटीत एका कुत्रीचा फोटो होता. ताठ कान, काळी पाठ, गळ्यात पट्टा. फोटोला सुकलेला हार. खाली नाव लिहिलं होतं. मी तिसरीत होते, मला वाचता येत होतं. मी वाचलं. माझंच नाव होतं.

"ही मेली त्याच आठवड्यात ह्यांच्या पालात पोरगी झाली," मालक म्हणाला. "म्हणलं, एवढं चांगलं नाव, कशाला वाया घालवायचं?"

मग त्यानं ताटलीतलं एक बिस्किट उचललं आणि माझ्याकडं टाकलं. दिलं नाही. टाकलं. मी ते वरच्या वर झेललं. पोरं झेलतातच. पण त्यावर पडवी पुन्हा हसली, आणि या वेळी मला कळलं की कशाला हसली.

माझे वडील, अण्णा, तिथंच खांबाला टेकून उकिडवे बसले होते. अण्णाही हसले.

बिस्किट मी खाल्लं नाही. रानातल्या आमच्या कापडी पालाकडं परत येताना बांधावर फेकून दिलं. ते कुणी खाल्लं माहीत नाही.

त्या माणसाचं नाव मी लिहिणार नाही, गावाचंही नाही. फलटणच्या बाजूचा बागायतदार, एवढं पुरे. त्याला अहोजाहोही करणार नाही. तोंडावर खूप वर्षं केलं. लिहिताना कुणाच्या बापाची भीती आहे?

आम्ही माणमधले, म्हसवडच्या जवळचे. मेंढरंवाले. आमच्याकडं पाऊस येतो पाहुण्यासारखा, आणि तोही न जेवता जाणारा. म्हणून दिवाळी झाली की आमची माणसं घोड्यावर बिऱ्हाड टाकून मेंढरं हाकत खाली फलटणकडं उतरतात, उसाच्या मुलखात. तिथं मालकाच्या मोकळ्या रानात मेंढरं बसवायची. रात्रभर बसलेल्या मेंढरांच्या लेंड्यांनी रान खतावतं. त्याबदल्यात मालक धान्य देतो आणि मेंढरांना चरायला देतो. त्याला खत मिळतं, आम्हाला चारा. खरं तर हा सरळ व्यवहार. पण देणारा पडवीत बसतो आणि घेणारा पायरीखाली, मग व्यवहाराला उपकाराचा वास यायला लागतो.

या मुक्कामात बायका बाळंत होतात. आमच्यात जुनी रीत होती, ज्याच्या रानात लेकरू जन्मलं त्यानं त्याचं नाव ठेवायचं. त्याच्या मातीत नाळ पुरलेली असते ना, म्हणून. रीत वाईट नव्हती. आजी सांगायची, पूर्वीचे शेतकरी बारशाला बाळंतिणीसाठी खण आणि पायलीभर ज्वारी घेऊन यायचे, आणि आपल्या आईचं नाहीतर देवाचं नाव द्यायचे. नाव दिलं म्हणजे त्या लेकराशी नातं लागलं. पुढं ते लेकरू त्या गावात गेलं तर त्या घरी पाणी न पिता यायचं नाही.

आमच्या मालकानं त्या रीतीचा तमाशा केला.

माझ्या थोरल्या भावाचं नाव पंक्चर. तो जन्मला त्या दिवशी मालकाच्या जीपचा टायर फुटला होता. चुलत भावाचं नाव डिपाझिट. त्या साली मालक निवडणुकीला उभा राहिला आणि त्याचं डिपॉझिट गेलं. नाचक्की त्याची, पण ती बांधली आमच्या पोराच्या गळ्यात. गावातली पोरं अजून त्याला विचारतात, काय रं, आज जप्त झालास का न्हाई? आणि अण्णा, चुलते, सगळे माना डोलवत राहिले. शाळेत नाव घालताना मास्तरांनी विचारलं, "हे काय नाव आहे?" अण्णा छाती काढून म्हणाले, "मालकांनी ठेवलंय."

माझ्या नावाला मात्र कुणी हसलं नाही. ती माझ्या नावाची खरी खोडी. ते गोड आहे. बाईंनी शाळेत पहिल्या दिवशी हजेरी घेतली आणि माझ्याजवळ थांबल्या. म्हणाल्या, "किती वेगळं नाव! असं नाव तर शहरात ठेवतात. कुणी ठेवलं गं?" मीही छाती काढून सांगितलं, "मालकांनी." आळीत सगळ्या हिराबाई, ताराबाई, सखूबाई. मी एकटी निराळी. तीन वर्षं मी त्या नावाच्या तोऱ्यात होते. पाटीवर पुन्हा पुन्हा लिहायचे. सुट्टीत गावाहून पालावर आले की मालकाच्या अंगणातून मुद्दाम जायचे, तो हाक मारेल म्हणून.

त्यानं मारली. ते वर सांगितलंच.

त्या दिवशी पालात येऊन मी आईला विचारलं, "तुला म्हायत हुतं?" आई भाकरी थापत होती. हात थांबला नाही. म्हणाली, "मायेनं ठिवलंय गं. त्या कुत्रीवर लय जीव हुता त्यांचा. आपल्या घरातल्याचंच नाव दिल्यावानी हाय की."

मी म्हणाले, "त्यांच्या पोरीचं का न्हाई ठिवलं मग?"

आईनं तव्यावरची भाकरी उलटली. आईचा राग येत नाही मला, कधी आला नाही. तिला स्वतःचं नाव तरी कुठं होतं? मालक तिला पंक्चरची आई म्हणायचा. मालकीण म्हणायची धनगरीण. अण्णा म्हणायचे, ऐकलं का. तिचं नाव मला कळलं ते शाळेत आईचं नाव विचारलं तेव्हा, आणि तेही आजीला विचारून आले.

पुढं मी शिकले. आजीपाशी गावात राहून दहावी झाले, मग सांगलीत वसतिगृहात राहून कॉलेज. आता सांगलीतच हळदीच्या अडतीवर कॉम्प्युटरवर काम करते. तिथंही तेच. बिल करताना गिऱ्हाईक पाटीवरचं नाव वाचतं आणि म्हणतं, "वा! वेगळंच नाव आहे." कॉलेजातल्या एका मैत्रिणीनं तर सांगितलं, मला मुलगी झाली तर हेच ठेवणार. मी हसले. काय सांगणार? प्रत्येक वेळी माझ्या डोळ्यासमोर तो सुकलेला हार येतो. म्हणून इथंही ते नाव लिहीत नाही. लिहिलं तर तुम्हीही म्हणाल, छान आहे. ते मला आणखी एकदा ऐकायचं नाही.

लग्नात सासूबाई म्हणाल्या, नाव बदलूया, रीतच आहे. तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहायची तयारी झाली होती. सुटायची संधी होती. पण मी नको म्हणाले. एकानं ठेवलेलं पुसायला दुसऱ्याचं बोट कशाला? आणि दुसरं, ते नाव म्हणजे साक्ष आहे. साक्ष पुसली की मालक सुटला. भावानं पुसलं. तो मुंबईत हमाली करतो आणि तिथं सगळ्यांना प्रकाश म्हणून सांगतो. गावी आला की एसटीतून उतरतानाच पंक्चर होतो. त्याचा चेहरा उतरतो तो मी पाहिलाय.

मला दिवस गेले तेव्हा आई म्हणाली, पहिलं बाळंतपण माहेरी. माझं माहेर त्या वेळी मालकाच्या रानात होतं. मेंढरं सोडून आईला गावी येता येत नव्हतं. मी गेले, पण मनाशी एक ठरवून गेले. कळा सुरू झाल्या तशी आई सुईणीला बोलवायला उठली, आणि मी म्हणाले, "न्हाई. सरकारी दवाखान्यात न्या." अण्णा करवादले, "पंक्चर आन् तू पालातच झालासा की." म्हणूनच, मी म्हणाले. मुलगी दवाखान्यात झाली. तिची नाळ मालकाच्या मातीत पुरलेली नाही, आणि हे मी मुद्दाम केलं.

तिच्याच आगेमागे धाकट्या मालकाला मुलगी झाली. धाकटा मालक म्हणजे मालकाचा मुलगा. पुण्याला शिकून आला, कमरेत बारीक पँट, हातात सतत मोबाईल. त्यांच्या मुलीच्या नावासाठी काय चाललं होतं म्हणून सांगू! ज्योतिषानं अक्षर काढून दिलं. पाहुण्यांच्या ग्रुपवर महिनाभर नावं पडत होती. संस्कृतच्या एका सरांना फोन लावले. शेवटी एक नाव निघालं. ते सांगत नाही, त्यात त्या लेकराचा काही दोष नाही. बारसं झालं फलटणच्या एका लॉनवर, फुग्यांच्या कमानी लावून. आईला तिथं भांडी घासायला बोलावलं होतं. आई परत आली तेव्हा डब्यात उरलेलं श्रीखंड होतं, आणि ते नाव तिच्या जिभेला वळत नव्हतं. म्हणाली, "धाकल्या मालकीनबाई सांगत हुत्या, अख्ख्या म्हाराष्ट्रात दुसऱ्या कुणाचं न्हाई हे नाव. मोबाईलवर बगितलंय म्हणं त्यांनी."

क्षणभर वाटलं, तेच नाव माझ्या मुलीला ठेवावं. बसू दे त्यांना चडफडत. पण नको. उष्टं श्रीखंड आलं होतं तेवढं पुरे, उष्टं नाव कशाला?

आमचं बारसं पालासमोर होतं. तीन काठ्या उभ्या करून आईच्या लुगड्याची झोळी बांधली होती. शेजारच्या पालांतल्या बायका आल्या होत्या. घुगऱ्या शिजल्या होत्या. माझी नणंद सांगलीहून आली होती, कारण बाळाच्या कानात नाव आत्यानं सांगायचं असतं. नवरा टेम्पो चालवतो, तो भाडं घेऊन गेला होता, संध्याकाळी येणार होता.

झोळीला हात लागायच्या आत मालकाची गाडी बांधावर येऊन थांबली. मालक उतरला, म्हातारा झालाय पण आवाज तोच. मागून धाकटा मालक आणि त्याचे दोन दोस्त. अण्णांनी घाईनं घोंगडं झटकून अंथरलं. मालक बसला नाही.

"काय रं, आमाला सोडूनच बारसं?"

अण्णा म्हणाले, "न्हाई मालक, तुमचीच वाट बगत हुतो." ते खरं होतं. त्यांनीच निरोप धाडला होता. मला सांगितलं नव्हतं.

धाकट्या मालकानं मोबाईल वर धरला. "पप्पा, थांबा, सुरू करतो. हां, बोला."

मालकानं खाकरून घसा साफ केला. त्या वेळी निवडणूक लागली होती. त्याच्या गाडीवरचा पक्षाचा झेंडा कुणीतरी काढायला लावला होता, त्यावरून तो आधीच तणतणत होता. झोळीकडं बघून म्हणाला,

"आचारसंहिता. हिचं नाव आचारसंहिता. लागली की कुणाला हलू देत न्हाई!"

दोस्त खिदळले. धाकट्या मालकाचा मोबाईल हसण्यानं हलायला लागला. बायकांना शब्द कळला नव्हता, पण मालक हसतोय म्हणून त्याही हसल्या. आणि अण्णा. अण्णा खांबाला टेकले नव्हते एवढाच फरक. हसू तेच, पडवीतलं.

मी झोळीपुढं येऊन उभी राहिले.

"मालक, तिचं नाव ठरलंय."

"कुणी ठरवलं?"

"मी."

"तू?" तो अण्णांकडं वळला. "आता पोरी ठरवाय लागल्या व्हय रं? आमच्या रानात जलमलेल्या लेकराचं नाव आमी ठिवतो. तुझंबी आमीच ठिवलंय."

"ठावं हाय. पडवीत लावलंय की." मी म्हणाले. "हिची नाळ तुमच्या रानात न्हाई. सरकारी दवाखान्यात पडलीया. रीत बगा तुमीच."

नणंदेला मी खूण केली. ती बिचारी घाबरून झोळीपासून मागं सरली होती. मग मीच मुलीला उचललं. आईनं नाव सांगायचं नसतं, आत्यानं सांगायचं असतं. मोडली रीत. मालकानं ती आधीच मोडली होती, मी फक्त तुकडे बाजूला केले. मुलीच्या कानाला तोंड लावलं आणि नाव सांगितलं. एकदा, हळू. तिलाच ऐकू जाईल एवढं.

"काय म्हणली? मोठ्यानं बोल," मालक म्हणाला.

"तुमाला हाक मारायची न्हाई तिला. तुमाला कशाला पायजे नाव?"

कुणी हसलं नाही. धाकटा मालक म्हणाला, "पप्पा, बंद करू का?" आणि उत्तराची वाट न बघता मोबाईल खिशात घातला.

अण्णा पुढं झाले. हात जोडले. "चुकलं मालक. वली बाळंतीण हाय, डोस्कं ठिकाणावर न्हाई तिचं."

"माजं डोस्कं ठिकाणावर हाय," मी म्हणाले.

मालक गाडीकडं चालायला लागला. जाता जाता अण्णांना म्हणाला, "सांजच्या आत रान मोकळं कर. आन् पुन्यांदा हिकडं फिरकू नगंस."

इतकी वर्षं त्या रानात बसलेली मेंढरं, आणि रान मोकळं कर. घुगऱ्या तशाच राहिल्या. पालं उतरली, वाघर गुंडाळली, म्हणजे मेंढरांभोवतीचं जाळं. अण्णा माझ्याशी एकच वाक्य बोलले, "एका नावापायी रान घालवलंस." मी म्हणाले, "तुमी किती नावं घालवली अण्णा?" त्यांनी हात उगारला. मारला नाही. मुलगी माझ्या छातीशी होती.

नवरा टेम्पो घेऊन आला. कोकरं टेम्पोत भरली. मी आणि आई कोकरांत बसलो, अण्णा मेंढरं घेऊन रस्त्यानं. वाटेत आई म्हणाली, "काय ठिवलंस गं?" मी तिच्या कानात सांगितलं.

आई माझ्याकडं वळली. "माजं?"

"तुजं."

"आगं येडे, जित्या माणसाचं ठिवत्यात व्हय? मला माराय उटलीस काय?"

आमच्यात ते अशुभ. नाव गेलेल्याचं ठेवतात, जिवंत माणसाचं ठेवलं की त्याचं आयुष्य सरतं म्हणतात. आई खरंच घाबरली. मी म्हणाले, "आये, तुजं नाव कुणी जित्तेपणी घेतलंच न्हाई. म्हणून ठिवलं." ती रडायला लागली आणि रडता रडता मला शिव्या देत राहिली, आणि कोकरू मांडीवर घेऊन बसली. तिला ते आवडलं की नाही मला अजून माहीत नाही. मी तिला आवडावं म्हणून ठेवलेलं नाही.

अण्णांचं अवघड झालंय. आमच्यात नवरा बायकोचं नाव उच्चारत नाही, मग नातीला हाक कशी मारणार? ते तिला बारके म्हणतात. मी त्यांना सांगितलंय, नाव घ्या, मग नात घ्या. दोनदा ते सांगलीला आले आणि दारात बसून, चहा पिऊन गेले. नात त्यांच्या मांडीवर गेली नाही. वाईट वाटतं. तरी देत नाही. मालकाच्या कुत्रीचं नाव ज्यांच्या तोंडून रोज निघालं, त्यांच्या तोंडून स्वतःच्या बायकोचं निघायला काय हरकत आहे?

धाकट्या मालकानं तो व्हिडिओ टाकला. आचारसंहिता म्हणून मालक हसतो आणि बायका हसतात, तिथंच कापलेला. खाली हसणारे चेहरे पडले. कुणीतरी लिहिलं, गावाकडची गंमत. एकानं लिहिलं, किती साधी माणसं. तिथून पुढचं मी इथं लिहिलंय. ज्यांनी ते चेहरे टाकले त्यांनी हे वाचावं आणि आपली साधी माणसं नीट बघून घ्यावीत.

दिवाळीनंतर मी फलटणकडच्या पालांवर जाते. सुट्टी मिळेल तशी. मालकाच्या रानात आता दुसरी माणसं बसतात, तिथंही जाते, बांधावरून. पोटुशी बाई दिसली की विचारते, नाव ठरवलंस का? नसलं तर म्हणते, आज ठरव. कुणाला सांगू नको, नवऱ्याला सांगितलंस तरी चालेल, सासऱ्याला नको. काही ऐकतात. काही म्हणतात, तुझं बरं आहे, तू सांगलीला जातेस, रान आमचं जाईल. खरं आहे ते. तरी मी सांगत राहणार.

मागच्या महिन्यात मुलीला घेऊन अशीच परत निघाले होते. फलटणच्या एसटी स्टँडसमोर मालकाची गाडी उभी होती. काच खाली झाली. त्यानं मला पाहिलं आणि हाक मारली. त्याच नावानं, त्याच आवाजात, शेवटचं अक्षर लांबवून, जसं जनावराला बोलावतात. रस्त्यावरची दोन माणसं वळून बघायला लागली. त्यानं पुन्हा हाक मारली. मग तिसऱ्यांदा, चिडून.

नाव माझं आहे, मी ते बदललेलं नाही आणि बदलणार नाही. पण पाय माझे आहेत. मुलीला कडेवर घेतलं आणि सांगलीच्या गाडीत जाऊन बसले. हाक मारतच राहा, मालक. आता येणारं कुणी नाही.